पेशींची संकष्टी

मार्तंड देवस्थळी दिनांक तीस एप्रिल एकोणीसशे शहाऐंशी रोजी, वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाल्यामुळे, सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि साहेबांनी निरोपाच्या भाषणात त्यांचं नाव दोनदा चुकीचं आणि एकदा बरोबर घेतलं.

तर हे घडलंच नाही, असं आपण धरून चालू. खुद्द मार्तंडराव तसंच धरून चालले आहेत, आणि ज्याची निवृत्ती त्याच्या मताला मान द्यायला हवा. शाल ट्रंकेच्या तळाशी गेली. नारळाच्या वड्या झाल्या आणि संपल्या. पुरावा म्हणण्यासारखं आता काहीही शिल्लक नाही.

मार्तंडराव वांद्र्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागाचे प्रमुख लिपिक. आलेल्या कागदावर 'आवक'चा शिक्का मारायचा, जाणाऱ्यावर 'जावक'चा. मधल्या काळात कागदाचं काय होतं हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि कागदानेही कधी सांगितलं नाही. असा माणूस वर्षानुवर्षं सुखात राहू शकतो. पंच्याऐंशीच्या दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर वसुधाबाईंनी सहज विचारलं, "अहो, मे महिन्यापासून तुम्ही दुपारी बसणार कुठे?"

"घरात."

"घरात कुठे?"

मार्तंडरावांनी उत्तर देण्यासाठी घराकडे पाहिलं.

अंधेरी पूर्वेच्या स्नेहवर्धन सोसायटीतली त्यांची जागा म्हणजे बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत बारा ते चार वसुधाबाईंचा शिवणवर्ग. चार मशिनं, आठ मुली. आतल्या खोलीत तयार ब्लाऊज टांगलेले. स्वयंपाकघराला पडदा लावून मापं घेतली जात. रविवारी वर्गाला सुट्टी, सणाला सुट्टी. त्यामुळे कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता आपलं घर कसं दिसतं हे मार्तंडरावांना ठाऊकच नव्हतं. एकदा ताप आला म्हणून लवकर घरी आले होते, तेव्हा एका मुलीने दार किलकिलं करून विचारलं होतं, "कोण पाहिजे?"

मार्तंडरावांनी क्षणभर विचार केला आणि "कोणी नाही" म्हणून ते जिन्यात जाऊन बसले. अंगात एकशे दोन ताप होता.

"मी काय म्हणते," वसुधाबाई म्हणाल्या, "मुदतवाढ घ्या ना. दोन वर्षं."

नियमात मुदतवाढ होती. 'अपवादात्मक परिस्थितीत' अशी. पण त्यांच्या विभागात आजवर कोणीही अपवादात्मक निघालं नव्हतं. अपवाद म्हणून एक पाटील नावाचे गृहस्थ होते, पण ते वेळेआधीच वारले.

इथे खालच्या मजल्यावरचा नंदू कथेत येतो. वय चोवीस, बी.एस्सी., एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. त्याचं काम पेशींना जेवू घालणं. माणसाच्या कातडीच्या पेशी काचेच्या चपट्या बाटलीत ठेवायच्या, बाटली उबदार कपाटात ठेवायची, आणि दर दोन-तीन दिवसांनी जुना रस काढून ताजा घालायचा. पेशी वाढतात, एकीच्या दोन होतात, बाटली भरली की निम्म्या दुसऱ्या बाटलीत न्यायच्या.

"आणि असं किती दिवस चालतं?" मार्तंडरावांनी जिन्यात विचारलं. त्यांना सध्या 'किती दिवस चालतं' या प्रश्नात विशेष रस होता.

"दिवसांचं काय नाय काका. विभाजनं मोजायची. बाळाची पेशी असली तर साधारण पन्नास वेळा. मग बंद. मरत नाय लगेच, पण पसरून सुस्त पडून राहते. काम-बिम काय नाय."

"निवृत्त," मार्तंडराव म्हणाले.

"तसंच समजा."

"आणि मुदतवाढ?"

"तेच तर बघतोय ना आम्ही! आमच्या मॅडम एक औषध ट्राय करतायत. ई जीवनसत्त्वातलंच आहे."

हे औषध पेशीत नेमकं करतं काय, हे नंदूने दोन संध्याकाळी समजावून सांगितलं, आणि मार्तंडरावांना ते तिसऱ्या दिवशी कचेरीत समजलं. पेशी श्वास घेते तेव्हा आत काही रेणू असे तयार होतात की ज्यांचा एक इलेक्ट्रॉन हरवलेला असतो. असा रेणू शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. हे मार्तंडरावांसमोर रोजच चालू होतं. सकाळी श्यामकांत कारखानीस पेन न आणता येई, शेजारच्या टेबलावरचं उचले. ते टेबल पुढच्याचं उचले. दुपारपर्यंत अख्खा विभाग एकमेकांच्या खिशात हात घालत असे आणि रजिस्टरवर शाईचे डाग पडलेले असत. या डागांनाच म्हातारपण म्हणतात. औषधाचा रेणू म्हणजे असा गृहस्थ, जो स्वतःचं पेन देऊन टाकतो आणि दुसऱ्याचं मागत नाही. साखळी तिथे थांबते.

"पण मग त्याला पेन राहत नाही," मार्तंडरावांनी शंका काढली.

"क जीवनसत्त्व त्याला आणून देतं."

"अशी दोन माणसं एका खात्यात," मार्तंडराव गंभीरपणे म्हणाले, "मी पाहिली नाहीत. तू दे ते औषध."

"असं कसं काका! आधी बाटलीत, मग माणसात. तुमच्या पेशी देता का? मॅडमना वयस्कर पेशी हव्याच आहेत."

'वयस्कर' हा शब्द मार्तंडरावांनी सोडून दिला. विज्ञानासाठी माणसं याहून मोठे त्याग करतात.

त्यांचा बेत सरळ होता. आपल्या पेशी औषधाने टिकतात हे कागदावर सिद्ध करायचं, कागद अर्जाला जोडायचा, आणि अपवादात्मक व्हायचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. शुभा वैशंपायन यांनी त्यांच्या दंडावरून मसुराच्या डाळीएवढी कातडी काढली, तीन ठिकाणी सह्या घेतल्या, आणि बजावलं, "देवस्थळी, हा प्रयोग पेशींवर आहे, तुमच्यावर नाही. लक्षात ठेवा." मार्तंडरावांनी मान डोलावली. परिपत्रकाच्या शेवटच्या परिच्छेदाला ते नेहमी अशीच मान डोलवत.

सोसायटीत बातमी पसरायला एक दुपार पुरली, कारण दुपारी घरात आठ मुली होत्या. सेक्रेटरी कुंडलिक मोहिते संध्याकाळीच वर आले.

"देवस्थळी, तुमचा काही भाग आता एमआयडीसीत राहतो म्हणे?"

"मसुराएवढा."

"आकाराचा प्रश्न नाही हो. उपविधीप्रमाणे सभासदाने स्वतः जागेत राहायला हवं. उद्या ते तिकडे वाढले तर?"

"वाढायलाच ठेवलेत."

"बघा! म्हणजे कमिटीसमोर घ्यावं लागेल." कुंडलिकरावांनी चहा घेतला, आणि उठताना आवाज खाली आणून म्हणाले, "तरुण राहायचं तर असल्या भानगडी कशाला? मी सकाळी उठल्या उठल्या तांब्यातलं चार ग्लास पाणी पितो. बघा माझ्याकडे." मार्तंडरावांनी पाहिलं. कुंडलिकराव त्रेपन्न वर्षांचे होते आणि पासष्टचे दिसत. तांब्यात काही दोष असावा.

महिन्याभरात पेशींनी बाटली भरली. त्यांच्या दोन बाटल्या केल्या. 'अ' बाटलीला औषध, 'ब' बाटलीला नुसतं जेवण. फरक कळायला औषध नसलेली एक बाटली लागतेच. मार्तंडराव त्यांना पाहायला गेले तेव्हा फाटकावरच्या रखवालदाराने वही पुढे केली.

"किसको मिलना है?"

मार्तंडरावांनी खोटं बोलायचं नाही असं ठरवून 'भेटणाऱ्याचे नाव' या रकान्यात मार्तंड देवस्थळी लिहिलं, आणि 'ज्यांना भेटायचे त्यांचे नाव' या रकान्यातही मार्तंड देवस्थळीच लिहिलं. नातं या रकान्यापाशी मात्र त्यांचा हात अडखळला. शेवटी 'जवळचे' असं लिहिलं. रखवालदाराने वाचलं, आत फोन केला आणि विचारलं, "देवस्थळी साब अंदर हैं क्या?" आतून नंदूने सांगितलं, "हां, दो बॉटल." यानंतर मार्तंडरावांना पंचवीस मिनिटं स्टुलावर बसवून ठेवण्यात आलं.

सूक्ष्मदर्शकातून त्यांनी स्वतःला पाहिलं. लांबट, निमुळत्या, एका ओळीत शिस्तीने लागलेल्या पेशी. त्यांना भरून आलं. अशी रांग त्यांच्या खिडकीसमोर एकतीस वर्षांत एकदाही लागली नव्हती.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. वसुधाबाईंनी काजं करता करता ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. हा प्रश्न जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत कोणी विचारला नसेल.

"जेवतात काय?"

दुसऱ्या दिवशी नंदूला वर बोलावण्यात आलं. त्याने मीठ, साखर, अमिनो आम्लं इथपर्यंत तोंड भरून सांगितलं, आणि मग त्याचा आवाज बारीक झाला.

"आणि थोडं सिरम असतं काकू. म्हणजे... वासराच्या रक्तातलं पाणी. वाढीचं सगळं त्यातच असतं. गाळलेलं असतं पण."

"रोज?"

"रोजच."

"संकष्टीलासुद्धा?"

आता हे सांगायला हवं, की मार्तंडराव नोकरीत कायम झाले ते पंचावन्न साली एका संकष्टीच्या दिवशी, आणि तेव्हापासून त्यांनी एकही संकष्टी चुकवलेली नव्हती. चंद्र दिसेपर्यंत पाण्यावर. साबुदाणासुद्धा नाही. ढग असले तर पंचांगातली वेळ पाहून.

"एकतीस वर्षं यांनी पाळली," वसुधाबाई म्हणाल्या, "आणि तू त्यांना गेल्या चतुर्थीला रक्त पाजलंस?"

"काकू, ते काका नाहीत! काकांच्या पेशी आहेत!"

"मग काकांचं आणखी काय असतं रे?"

नंदू बी.एस्सी. होता, पण हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. त्याने मार्तंडरावांकडे पाहिलं. मार्तंडराव भिंतीकडे पाहत होते. खरं म्हणजे त्यांनाही ते लागलं होतं.

"औषधवाल्या बाटलीला हात लावता येणार नाही," नंदू कसाबसा म्हणाला. "मॅडम मारतील."

"मग दुसरीला पाळू दे. त्या बिचारीला औषध नाही, काही नाही. निदान पुण्य तरी मिळू दे."

विज्ञानाचा एवढा इतिहास आहे, पण तुलनेसाठी ठेवलेल्या बाटलीची कोणाला दया आल्याचं याआधी ऐकिवात नाही. नंदूने मान्य केलं, कारण वसुधाबाईंनी त्याला लहानपणी तीन वर्षं शाळेत नेऊन सोडलं होतं. संकष्टीच्या सकाळी 'ब' बाटलीतला रस काढायचा, त्याऐवजी सिरम नसलेलं नुसतं पाणीवजा मिश्रण घालायचं आणि चंद्रोदयाला पुन्हा जेवण द्यायचं. पण नंदूची सुट्टी सहाला होई आणि चंद्र काही कंपनीच्या वेळेत उगवत नाही. त्यात पहिली संकष्टी शनिवारी आली, दुसऱ्या दिवशी रविवार. पेशींचा उपास सोमवारी दहाला सुटला.

पुढे मार्गशीर्ष लागला. वसुधाबाई गुरुवार करत. नवरा-बायकोचं पुण्य एकत्र धरतात म्हणून 'ब' बाटलीलाही गुरुवार लागले. मग एकादश्या. मग मुलींपैकी कुंदा नावाच्या मुलीने सुचवलं की मंगळवार पण चांगला. नंदूला लक्षात राहीना, तेव्हा वसुधाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरमधले उपासाचे दिवस त्याला लिहून दिले, आणि तो कागद त्याने उबदार कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. फेब्रुवारीपर्यंत अशी स्थिती आली की 'ब' बाटली जेवायची त्या तारखा लिहिणं सोपं पडलं असतं.

इकडे कागदपत्रं जमवणं सुरू होतं. मुदतवाढीच्या अर्जाला सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याची सही लागत होती. अधिकाऱ्यांनी मार्तंडरावांचे दात मोजले, छाती ठोकली, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली.

"पेशींबद्दल एक ओळ लिहाल का?" मार्तंडरावांनी विचारलं.

"नमुन्यात रकाना आहे?"

"नाही."

"मग तुम्हाला पेशी नाहीत," अधिकारी म्हणाले आणि सही केली.

मार्चच्या मध्यावर नंदू धावतच जिना चढून आला. "काका, वाट लागली! 'अ' बंद पडली."

"औषधवाली?"

"औषधवाली! एकतीस विभाजनं केली आणि बसली. पसरून पडल्यात सगळ्या, एकदम फेंगड्या. आणि 'ब' झकास! अजून ताजी. मॅडम विचारतायत तू केलंस काय, म्हणून. तुम्ही चला ना, मला एकट्याला नाय सांगता येणार!"

डॉ. वैशंपायन यांच्या टेबलावर दोन बाटल्या आणि एक कॅलेंडरची यादी होती. यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. 'अंगारकी' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. ओरडतील म्हणून नंदू दाराजवळ उभा होता, पण बाईंच्या चेहऱ्यावर रागापेक्षा वेगळंच काही होतं. खिडकीतून अचानक अनोळखी पक्षी दिसावा तसं.

"सतरा," त्या म्हणाल्या. "त्याच दिवसांत 'अ' ची एकतीस, 'ब' ची फक्त सतरा. सिरम नाही म्हटल्यावर पेशी विभागायची थांबते. गप्प बसून राहते. जेवण आलं की पुन्हा सुरू."

"पण मॅडम," मार्तंडरावांनी हळूच विचारलं, "गप्प बसलेले दिवस वयात धरत नाहीत?"

"पेशीजवळ कॅलेंडर नसतं, देवस्थळी. तिचा हिशोब विभाजनांचा. किती दिवस बसली याच्याशी तिला जवळजवळ काही घेणंदेणं नाही."

"म्हणजे जी काम करते ती संपते. आणि जी करत नाही..."

"ती उरते. बाटलीत तरी. आणि औषधाने 'अ' ला काय मिळालं, तर बहुतेक काहीच नाही. पण हे बाटलीतलं झालं. अख्ख्या माणसाला हे लावू नका."

शेवटच्या वाक्याला मार्तंडरावांनी मान डोलावली.

परत येताना मार्तंडरावांच्या डोळ्यांपुढे श्यामकांत कारखानीस उभा होता. त्यांच्याच वर्षी लागलेला, त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान. केस काळे, गाल टवटवीत. टेबलावरची फाईल त्याने शेवटची कधी हलवली हे विभागात कोणालाच आठवत नव्हतं. लोक म्हणत तो आळशी आहे. तो आळशी नव्हता, तो विभागत नव्हता. आणि मार्तंडराव मात्र एकतीस वर्षं, दर कागदाला दोन शिक्के, स्वतःला खर्च करत बसले होते.

"मग आता?" वसुधाबाईंनी ताट वाढताना विचारलं. "पत्र देणार आहेत का त्या?"

"औषध चाललं नाही, असं पत्र देतील."

"म्हणजे मुदतवाढ नाही."

"त्या मार्गाने नाही."

वसुधाबाईंनी आमटीची वाटी ठेवली. मग म्हणाल्या, "गॅलरीत स्टूल बसेल. कपडे वाळत घालायची दोरी थोडी वर घेतली तर. मी मोजून बघितलंय."

गॅलरी अडीच फूट होती, त्यात कुंड्या होत्या. आणि वसुधाबाईंनी केव्हातरी दुपारी, मुली गेल्यावर, मापाची टेप घेऊन तिथे मार्तंडरावांची जागा मोजली होती. एकतीस वर्षांत त्यांच्यासाठी कोणी केलेलं हे एकमेव माप असेल.

"बघू," ते म्हणाले, आणि जेवण झाल्यावर जुन्या डायऱ्या काढून बसले. प्रत्येक डायरीत चंद्रोदयाची वेळ लिहिलेली होती. त्यांनी सगळ्या चतुर्थ्या मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. एप्रिल असाच गेला. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी जे काही घडलं म्हणतात, ते घडलंच नाही हे आपलं ठरलेलं आहे. एक मेला सुट्टी होती. दोन मेला सकाळी ठीक साडेदहाला मार्तंडराव आपल्या जुन्या विभागात गेले आणि एक अर्ज दिला. त्यांच्या खुर्चीवर श्यामकांत बसला होता. त्याने अर्ज घेतला, शिक्का शोधला, सापडला नाही, म्हणून मार्तंडरावांनीच खण उघडून शिक्का काढला आणि स्वतःच्या अर्जावर स्वतःच 'आवक' मारला. अर्ज असा:

*प्रति, मा. विभागप्रमुख यांस.*

*विषय: वयातून उपवासाचे दिवस वजा मिळणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, अर्जदाराच्या पेशींवर झालेल्या तपासणीत, उपवासकाळात पेशींचे विभाजन थांबते व सदर काळ त्यांच्या वयात धरला जात नाही, असे निष्पन्न झाले आहे. अर्जदाराने सन १९५५ पासून आजतागायत एकूण ३८३ संकष्ट चतुर्थ्या खंड न पडता पाळल्या असून चंद्रोदयाच्या वेळांसह डायऱ्या सोबत जोडल्या आहेत. (उपवास पूर्ण दिवसाचा नसून चंद्रोदयापर्यंतचा असल्याने काही अपूर्णांक निघतो, याची अर्जदारास जाणीव आहे. तो शासनाने उदार मनाने अर्जदाराच्या बाजूने धरावा.)*

*सबब विनंती की, सदर ३८३ दिवस अर्जदाराच्या वयातून वजा करून त्याची सेवा तितके दिवस पुढे चालू ठेवण्यात यावी. तसेच या अर्जावर निर्णय होईपर्यंत अर्जदारास कार्यालयीन दिवशी दुपारी बारा ते चार या वेळेत आवक-जावक विभागात एका खुर्चीवर बसण्याची परवानगी मिळावी. खुर्ची कोणतीही चालेल. अर्जदार तेथे कोणतेही काम करणार नाही, याची तो हमी देतो.*

*आपला विश्वासू,*
*मार्तंड देवस्थळी*
*प्रमुख लिपिक (कार्यरत)*